बाळबोध आधी, मोडी मागाहून

जूनच्या उत्तरार्धात वऱ्हाडातील शाळा उघडतात. त्याआधीच्या आठवड्यात अमरावतीच्या राजकमल चौकात काय किंवा अकोल्याच्या टिळक रोडवर काय, वह्या-पुस्तकांच्या दुकानापुढे घटकाभर उभे राहावे. 'चार फोर लाइनच्या द्या, आणि कर्सिव्हचं पुस्तक द्या,' ही मागणी हमखास कानी पडते. मागणी करणाऱ्या मातेचे बोट धरून जे मूल उभे असते ते फार तर पाच वर्षांचे. त्याला बुटाची नाडी बांधता येत नाही. पेन्सिल मुठीत धरावी की चिमटीत, याचा निर्णय त्याच्या बोटांनी अद्याप केलेला नाही. त्या बोटांकडून आता तांबड्या-निळ्या चार रेघांच्या आत वळणदार, तिरपी, एकमेकांचे हात धरून चालणारी इंग्रजी अक्षरे काढून घेतली जाणार आहेत.

माझे म्हणणे सरळ आहे. कोणाला झोंबले तर इलाज नाही. बालवर्गात कर्सिव्ह शिकवणे हे शिक्षण नव्हे, ती शोभा आहे, आणि या शोभेचा खर्च मुलाच्या वाचनातून वसूल होतो. आपल्या शाळांनी ही अक्षरे तिसऱ्या इयत्तेपर्यंत कपाटात ठेवावीत. तिसरीत आल्यावर मात्र ती मन लावून शिकवावीत. या दोन वाक्यांतील पहिले वाक्य काही व्यवस्थापकांना रुचणार नाही आणि दुसरे काही आधुनिक पालकांना. दोघांचाही समाचार घेणे भाग आहे.

आपल्या भाषेने या प्रश्नाचे उत्तर कित्येक शतकांपूर्वी देऊन ठेवले आहे. मराठीला दोन लिप्या होत्या. एकीचे नाव बाळबोध, दुसरीचे मोडी. बाळबोध म्हणजे बालकाला बोध होईल अशी. प्रत्येक अक्षर सुटे, प्रत्येकाचा चेहरा वेगळा, ऱ्हस्व-दीर्घ स्पष्ट. पोथ्या तिच्यात लिहिल्या गेल्या आणि पुढे छापखान्याने तिलाच उचलले. मोडी ही कचेरीची लिपी. ती देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री उर्फ हेमाडपंत याने रूढ केली असे परंपरा सांगते; संशोधकांचे त्यावर एकमत नाही आणि आपल्याला त्या वादात शिरण्याचे कारण नाही. डोक्यावरची रेघ आधीच ओळभर ओढून घ्यावयाची आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरामागून अक्षर लोंबकळत सोडावयाचे, ही तिची रीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांमध्ये धड जागा नाही. लिहिणाऱ्याचा वेळ वाचतो आणि वाचणाऱ्याचा जातो. कारकुनाला ते परवडते, कारण त्याने ती भाषा आणि तो मजकूर हजारदा वाचलेला असतो. बालकाला ते परवडत नाही, हे ज्यांनी 'बाळबोध' हा शब्द घडवला त्यांना पक्के ठाऊक होते.

इंग्रजीतही हीच वाटणी आहे. छापील अक्षर ही त्यांची बाळबोध आणि कर्सिव्ह ही त्यांची मोडी. आज आपल्या मुलांच्या वहीत जे वळण दिसते त्याचे मूळ लंडनच्या व्यापारी पेढ्यांत आहे. तेथे 'राऊंड हँड' नावाचे वळण रुजले. जॉर्ज बिकहॅम याने १७३३ पासून 'युनिव्हर्सल पेनमन' हा कित्त्यांचा ग्रंथ भागाभागाने प्रसिद्ध केला. असले कित्ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापले जात. म्हणून त्या वळणाला 'कॉपरप्लेट' म्हणू लागले. अक्षरे जोडण्यामागे सौंदर्यशास्त्र नव्हते, पिसाची लेखणी होती. ती कागदावरून उचलून पुन्हा टेकवली की शाई सांडे, म्हणून उचलावयाची नाही. खाली येताना दाब देऊन जाड रेघ आणि वर जाताना हलकी बारीक रेघ, हे सारे टोकदार लेखणीचे आणि पुढे पोलादी निबेचे शास्त्र. आपल्या वऱ्हाडात १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धाने कापसाला सोन्याचा भाव आणला, १८६७ मध्ये आगगाडी अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली, आणि कचेरी, रेल्वे, कापसाचा व्यापार या सर्वांना सुवाच्य इंग्रजी लिहिणारे कारकून हवे झाले. चांगले वळण म्हणजे चांगली नोकरी, हे समीकरण आपल्या आजोबा-पणजोबांच्या मनात तेव्हापासून बसले. ते त्या काळी खोटे नव्हते. परंतु निब गेली, टाक गेला, कारकुनाची ती खुर्चीही गेली. आणि त्या खुर्चीवर बसावयाची तयारी मात्र आपण साडेचार वर्षांच्या मुलाकडून करून घेत आहोत. तीही पेन्सिलीने, जिला उचलले म्हणून काही सांडत नाही!

आता मुलाच्या बाजूने हिशेब मांडू. इंग्रजीची अक्षरे सव्वीस. छापील मोठी, छापील लहान, कर्सिव्ह मोठी, कर्सिव्ह लहान, म्हणजे एकशे चार आकृत्या. त्यांतील काही एकमेकींसारख्या दिसतात हे खरे. पण आर, एस, झेड, एफ यांची छापील आणि जुळलेली रूपे एकाच अक्षराची आहेत हे मोठ्या माणसालाही सांगावे लागते, आणि मोठा कर्सिव्ह क्यू तर कित्येक वह्यांत दोनच्या आकड्यासारखा काढतात. यांखेरीज मराठीची मुळाक्षरे, बाराखडी आणि जोडाक्षरे आहेतच. त्यातही एक गंमत पाहा. मराठी अक्षर वरच्या रेघेला टांगलेले असते, इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसलेले. दोरीवर कपडे वाळत घालावेत तसे एक, आणि पाटावर पंगत बसावी तसे दुसरे. मोठे झाल्यावर ही उडी आपल्या लक्षातही येत नाही. पाच वर्षांच्या मुलाला ती दिवसातून चार वेळा मारावी लागते, आणि चुकली की लाल शाई.

मेळघाटातून आलेल्या मुलाची कथा याहून कठीण. त्याची घरची भाषा कोरकू. मराठी ही त्याला दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी. मिशनच्या वसतिगृहात राहून तो तिन्हींशी झगडतो. एखाद्या शब्दाचा अर्थ ठाऊक नाही, उच्चार ठाऊक नाही, आणि त्या शब्दाची सुबक जोडलेली आकृती मात्र तो पानभर काढतो. त्याच्या वहीवर तारा चिकटतो, पालकसभेत ती वही फिरते, आणि त्याला त्यातील एक ओळही वाचता येत नाही हे कोणाच्याही लक्षात येत नाही. याला आपण प्रगती म्हणावयाचे काय?

बडनेऱ्याला माझ्या परिचयाचे एक कुटुंब आहे. वडील कारखान्यात पाळीवर जातात, आई मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेली. धाकट्याच्या डायरीत बाईंनी काही लिहून पाठवले. ते कर्सिव्हमध्ये होते. आईला ते लागेना. तिने ती डायरी शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडे नेली, तेव्हा कळले की मुलाचे कर्सिव्ह कच्चे आहे, घरी सराव करून घ्यावा, अशी ती सूचना होती! जी लिपी आईला वाचता येत नाही तिचा सराव तिने करून घ्यावयाचा. मग काय, शिकवणी लागली. आजीने त्या वहीत डोकावून विचारले, 'हे पोट्टं गोमा काढून राह्यलं का वं माय?' त्या घरात अक्षरशिक्षणावर एवढे नेमके भाष्य दुसऱ्या कोणी केले नाही.

दोष शिक्षिकांना देऊन चालणार नाही. वर्गात पन्नास मुले असतात, आणि वरून विचारणा होते ती वह्यांची. वही दिसते, वाचन दिसत नाही. पालकालाही वहीच हवी असते. शेजारच्या शाळेतील मूल 'जॉइन्ड' लिहिते आणि आपले नाही, हे त्याला सोसवत नाही. शाळा पालकाकडे बोट दाखवते, पालक शाळेकडे. सरकारी कागदपत्रे म्हणाल तर ती सारी मुलाच्या बाजूची आहेत. यशपाल समितीने १९९३ मध्येच दप्तराचे आणि न समजलेल्या अभ्यासाचे ओझे यांवर बोट ठेवले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभरणीचा एकच टप्पा मानून खेळ व कृती यांतून शिकवावे असे म्हटले, आणि त्याच वर्षीच्या दप्तरविषयक धोरणाने दुसरीपर्यंत गृहपाठच नको असे सांगितले. कागद कागदाच्या जागी आहेत, फोर लाइनची वही तिच्या जागी.

आपण कॅथलिक आहोत आणि शाळा चालवण्याचा आपल्याला अभिमान आहे, तो रास्तच आहे. तर मग आपल्याच घरातील साक्ष काढू. संत जॉन बॅप्टिस्ट द ला साल यांना पोप पायस बारावे यांनी १९५० मध्ये शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये गोरगरिबांच्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढल्या, तेव्हा रीत अशी होती की मुलाने आधी लॅटिन वाचावयास शिकावे, मग फ्रेंच. घरी कोणी लॅटिन बोलत नसे. तरी ती प्रतिष्ठेची भाषा. द ला साल यांनी हा क्रम उलटा केला. आधी मुलाची भाषा, मग लॅटिन. आणि त्यांच्या बंधुसंघासाठी जो शालेय नियमग्रंथ तयार झाला, त्यात लेखनाचा धडा वाचन पक्के झाल्यानंतरच ठेवला आहे. सुवाच्य लेखनाने गरिबाच्या मुलाला काम मिळते हे त्यांना आपल्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक होते. त्यांच्या शाळांत वळणावर मेहनतही भरपूर घेत. पण क्रम ठरलेला होता. आज आपल्या कित्येक शाळांच्या भिंतीवर त्या संताची तसबीर असेल, आणि तिच्याखाली बसून मुले न वाचता येणारी अक्षरे गिरवीत असतील.

येथे कोणी जाणकार मला अडवील, आणि त्याने अडवावेच. मादाम मॉन्टेसरींनी तर जुळणाऱ्या वळणाच्या अक्षरांपासूनच सुरुवात केली होती! खरे आहे. ६ जानेवारी १९०७ रोजी, प्रकटीकरणाच्या सणाच्या दिवशी, रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत त्यांचे पहिले बालगृह उघडले. तेथील खरखरीत कागदाची अक्षरे कर्सिव्ह वळणाचीच होती. फ्रान्समध्येही मुलांना आरंभापासून जोडूनच लिहावयास शिकवतात. मग आम्हीच काय पाप केले? उत्तर असे, की त्या मुलांच्या कानावर जन्मापासून तीच भाषा होती. इटालियनमध्ये तर अक्षर आणि ध्वनी यांची गाठ जवळजवळ आपल्या मराठीइतकी सरळ. मॉन्टेसरींचे मूल अक्षरावरून बोट फिरवी, त्याच क्षणी तो ध्वनी उच्चारी, आणि हात तयार झाल्यावर आपण होऊन लिही. त्याला सराव-पान नव्हते, गुण नव्हते, तारा नव्हता. आपण त्या पद्धतीतून अक्षराचे वळण तेवढे उचलले. ध्वनी, बोट, सवड आणि मातृभाषा मागे ठेवली. फराळाचे ताट उचलावे आणि फराळ तेथेच ठेवावा, तसे हे झाले.

ज्यांनी खरोखर मॉन्टेसरी आपल्या मातीत उतरवली त्या ताराबाई मोडक आपल्या अमरावतीला परक्या नाहीत. लग्नानंतर त्या येथेच राहिल्या होत्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर, १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी काम केले. महागडी साधने बाजूला सारून शिंपले, खडे, बिया, पाने हाताशी घेतली आणि शाळाच आदिवासी पाड्याच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आज सरकारी झाला आहे. त्याच्या मुळाशी ते अंगण आहे.

आणखी एक पुरावा, अलीकडचा. २०१२ मध्ये इंडियाना विद्यापीठातील कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांनी वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही अक्षरे मुलांनी हाताने स्वतः काढली, काही ठिपक्यांवरून गिरवली, काही कळफलकावर दाबली. नंतर ती अक्षरे पाहताना मेंदूतील वाचनाशी संबंधित भाग जागा झाला तो मुख्यतः स्वतः काढलेल्या अक्षरांच्या बाबतीत. हा पुरावा दुधारी आहे. हाताने लिहिणे व्यर्थ नाही, हे तो सांगतो. टॅबलेट आला म्हणून पाटी फेकणाऱ्यांनी ते ध्यानात घ्यावे. आणि ठिपके जोडीत पाने भरणे म्हणजे लिहिणे नव्हे, हेही तो सांगतो. मुलाने वेडेवाकडे का होईना, स्वतःच्या मनातून एक सुटे अक्षर काढले, तर त्याचे मोल छापील ठिपक्यांवरून गिरवलेल्या सुंदर पानाहून अधिक.

आता दुसऱ्या बाजूचा समाचार. कर्सिव्ह हवेच कशाला, सारे टाइप होते, असे म्हणणारे पालकही आपल्यात आहेत. फिनलंडने २०१६ च्या नव्या अभ्यासक्रमातून त्याची सक्ती काढली, हे ते सांगतात. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा करून ते प्राथमिक वर्गांत परत आणले, हे मात्र सांगत नाहीत. पण इतक्या दूर जाण्याचे प्रयोजन नाही. मोडीचे काय झाले ते पाहा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती चालू होती. मग शाळेने तिचा हात सोडला, आणि दोन पिढ्यांत घरच्या पेटीतील आजोबांचे कागद नातवाला मुके झाले. २०२३ मध्ये मराठा-कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांच्या कचेऱ्यांतून जुनी दप्तरे निघाली, आणि ती वाचणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी निघाली. माणसाचा हक्क कागदावर लिहिलेला आहे, कागद समोर आहे, पण वाचता येत नाही; याहून मोठी शिक्षा कोणती? आपल्या धर्मग्रामांतील बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या जुन्या नोंदवह्या उघडून पाहा. तिरप्या, जुळलेल्या हस्ताक्षरात, कित्येकदा लॅटिनमध्ये, आपली घराणी तेथे बसलेली आहेत. उद्या त्या वह्यांपुढे आपल्या नातवाने मोडीपुढे उभ्या राहिलेल्या तलाठ्यासारखे उभे राहावे काय?

म्हणून कर्सिव्ह शिकवावयाचे ते आधी वाचण्यासाठी. हे घरी सहज जमते आणि त्याला फी पडत नाही. मूल छापील इंग्रजी वाचू लागले की एका कागदावर वर छापील अक्षरात आणि खाली जुळलेल्या अक्षरात तोच शब्द लिहावा: भावाचे नाव, गावाचे नाव, चहा-साखर. आठवडाभर भिंतीवर राहू द्यावा. ज्या आईला कर्सिव्ह येत नाही तिने मुलाबरोबर शिकावे. आई चुकते हे पाहून मुलाची भीती निम्मी होते.

लिहिण्याला तिसरीत हात घालावा, आणि वर्णक्रमाने मुळीच जाऊ नये. ए नंतर बी हा कोशाचा क्रम आहे, हाताचा नव्हे. सी, ए, डी, जी, क्यू, ओ ही एका वळणाची भावंडे. हात घड्याळाच्या उलट दिशेने फिरला की सहाही साधतात. मग आय, यू, टी, जे. मग एल, ई, एच, के अशी फासाची अक्षरे. मग एन आणि एम. बी, ओ, व्ही आणि डब्ल्यू यांची शेपटी वरून निघते, खालून नव्हे. मुले अडखळतात ती बहुधा याच ठिकाणी, आणि पुस्तके याच ठिकाणी गप्प असतात. 'ऑन' आणि 'इन' हे दोन शब्द शेजारी लिहून दाखवले तर फरक एका दिवसात कळतो. मोठी अक्षरे आरंभी छापीलच राहू द्यावीत, काही बिघडत नाही. अंगणातील धुळीत पऱ्हाटीच्या काडीने, मग पाटीवर, मग रुंद रेघांच्या वहीत. दिवसाला दहा मिनिटे, त्याहून अधिक नको. डाव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाचा हात बदलू नये. कागद उजवीकडे कलता ठेवून द्यावा, म्हणजे त्याला आपण लिहिलेले दिसेल आणि शाई पुसली जाणार नाही.

पहिल्या तीन वर्षांत मग करावयाचे काय, असे विचारले जाईल. गोष्टी सांगाव्यात, मराठीत आणि जमेल तेथे कोरकूत. सुटी अक्षरे ओळखावीत. मिस्सेच्या वेळी भक्तिगीतांच्या पुस्तकातील ओळीवर आईने बोट ठेवावे आणि मुलाने ते पाहावे. वाचनाचा पाया असाच पडतो, आणि तो बहुतेक वेळा वहीत दिसत नाही.

आपल्या धर्मप्रांतातील शाळांचे व्यवस्थापक आणि मुख्याध्यापक हे त्रैमासिक वाचतात, हे मला ठाऊक आहे. त्यांच्यापुढे तीन गोष्टी मांडतो. येत्या वर्षाच्या वह्यांच्या यादीतून ज्युनिअर व सीनिअर केजी, पहिली आणि दुसरी यांच्यासाठीचे कर्सिव्हचे पुस्तक काढून टाकावे. पालकांना पाठवावयाची प्रत्येक सूचना मराठीत, बाळबोधात लिहावी. आणि पालकसभेत वह्या फिरवण्याऐवजी प्रत्येक मुलाला त्याने पूर्वी न पाहिलेली चार ओळींची मराठी गोष्ट वाचावयास द्यावी, आईच्या देखत. इंग्रजीची पाळी त्यानंतर.